नावाचा अशोक, सालीचा अशोक
धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीसारख्या (ता. अंबड, जि. जालना) गावात ‘अशोक’ म्हटले की शाळेच्या कुंपणालगत सरळ वाढणारे, लांब नागमोडी पानांचे झाड डोळ्यांसमोर येते. शहरातील सोसायट्यांतही तेच आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे झाड सीताफळाच्या कुळातले. आयुर्वेदातील अशोक म्हणजे ‘सराका’ प्रजातीतील सीता अशोक. तो शिंबावंत कुळातला, चिंचेचा जवळचा नातलग. कोकण व सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात ओढ्याकाठी वाढणारा, केशरी फुलांचा.

हा गोंधळ केवळ नावापुरता राहिला असता तर बिघडले नसते. परंतु स्त्रियांच्या विकारांवर दिल्या जाणाऱ्या अशोकारिष्टाचा मुख्य घटक सीता अशोकाची साल आहे आणि बाजारात तिच्या नावाखाली खोट्या अशोकासह अन्य झाडांच्या साली विकल्या जात असल्याचे जनुकीय तपासणीतून वेळोवेळी उघड झाले आहे. वाळलेल्या सालीचा तुकडा पाहून ग्राहकाने काय ओळखावे? दुसरीकडे खरी साल बव्हंशी जंगलातूनच येते. चौफेर साल सोललेले झाड जगत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्येच या झाडाची नोंद ‘असुरक्षित’ गटात केली होती.

लागवड हा यावरचा सरळ उपाय. २०२३ मध्ये जैवविविधता कायद्यात दुरुस्ती होऊन लागवडीखालील औषधी वनस्पतींना लाभवाटपाच्या बंधनातून सूट मिळाली. त्यासाठी माल लागवडीचाच असल्याचा दाखला लागतो. जंगलातून आणलेली साल शेतातली म्हणून दाखवली जाणार नाही, याची खात्री हा दाखला किती काटेकोरपणे दिला जातो यावरच अवलंबून आहे. शंका घेण्यास येथे पुरेशी जागा आहे.

अंबड तालुक्याचा शेतकरी या वाटेला जाईल काय? सीता अशोकाला ओलावा आणि कोवळेपणी सावली हवी. साल हाती येण्यास कित्येक वर्षे जातात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा पाण्याअभावी जळाल्या, अनेकांनी त्या तोडल्या. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा भरवसा धरणातील साठ्यावर. अशा मुलखात वर्षावनातील झाडाची शेती सुचवणे धाडसाचेच. ती कोकणातील पोफळीच्या बागांत अधिक शोभेल.

रस्त्याकडेच्या वृक्षारोपणाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्प खर्चाच्या एक टक्का रक्कम वृक्षलागवडीसाठी ठेवण्यात आली. राज्यानेही २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. अशा मोहिमांत चर्चा होते ती संख्येची, कोणते झाड कोठे लावले याची क्वचितच. जालना हा राज्यातील अत्यल्प वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. येथे अशोकाऐवजी त्याच कुळातील चिंच आणि करंज कमी पाण्यात टिकतात, सावलीही देतात. रोपवाटिकेकडे मागणी नोंदवताना झाडाच्या प्रचलित नावासोबत शास्त्रीय नाव लिहिण्यास तर एक पैसाही लागत नाही.