विश्लेषण : सरासरी आकडे आरोग्याबाबत दिशाभूल कशी करतात?

अमेरिकेत ज्या भागांतील घरांमध्ये रेडॉन वायू जास्त, त्या भागांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी, असा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात रेडॉनमुळे हा कर्करोग होतो. आकडे खोटे नव्हते, तरी निष्कर्ष उलटा आला. तो कसा आला, हे प्रदूषणाच्या बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

संशोधन काय होते?

जमिनीतील युरेनियमच्या विघटनातून तयार होणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू फटींमधून घरात शिरतो. त्याला रंग-गंध नसतो. पिट्सबर्ग विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड कोहेन यांनी १,६०१ काउंटींमधील, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागांतील, रेडॉनची सरासरी आणि तेथील मृत्युदर यांची तुलना केली. धूम्रपानाचे प्रमाण हिशेबात धरूनही उलटा संबंध कायम राहिला. कमी मात्रेतील किरणोत्सारही घातक असतो, हे गृहीतकच त्यामुळे चुकीचे ठरते, असा त्यांचा दावा होता.

चूक कुठे झाली?

कर्करोग काउंटीला होत नाही, माणसाला होतो. मृत्यू पावलेली व्यक्ती किती रेडॉन असलेल्या घरात राहत होती, ती सिगारेट ओढत होती का, याची नोंद या आकड्यांत नव्हती. काउंटीच्या धूम्रपानाची सरासरीही अंदाजे काढलेली. जेरोम पुस्किन यांनी २००३ मध्ये हेच रेडॉनचे आकडे इतर कर्करोगांशी ताडून पाहिले. धूम्रपानाशी घट्ट संबंध असलेल्या कर्करोगांत तोच उलटा संबंध दिसला. धूम्रपानाशी संबंध नसलेल्या कर्करोगांत तो नव्हता. याचा अर्थ, जास्त रेडॉनच्या काउंटींमध्ये लोक सिगारेट कमी ओढत होते आणि त्याचे श्रेय रेडॉनला मिळत होते. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीबाबत अनुमान काढण्याच्या या चुकीला ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात.

व्यक्तिनिहाय अभ्यास काय सांगतात?

युरोपातील १३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७,१४८ रुग्ण आणि हा आजार नसलेल्या १४,२०८ व्यक्ती होत्या. प्रत्येकाच्या घरातील रेडॉन मोजला गेला, धूम्रपानाची माहिती घेतली गेली. दर घनमीटरमागे रेडॉन १०० बेकरेलने वाढला की धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असे दिसले. कोहेन यांच्या आकड्यांवर विसंबून घरांतील रेडॉनकडे दुर्लक्ष झाले असते, तर त्याची किंमत रहिवाशांनी मोजली असती.

मग सरासरी निरुपयोगी?

तसे नाही. अमेरिकेतील सहा शहरांच्या १९९३ मधील गाजलेल्या अभ्यासात हवेचे प्रदूषण शहरनिहायच धरले होते. मात्र ८,१११ प्रौढांपैकी प्रत्येकाचे वय, धूम्रपान, शिक्षण, कामाच्या ठिकाणचा धूर-धुळीशी संपर्क यांची माहिती घेऊन त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचे प्रमाण २६ टक्के अधिक आढळले. प्रदूषणाचा आकडा समूहाचा असला, तरी बाकीची माहिती माणसागणिक असल्याने या निष्कर्षाला वजन आले.

वाचकांनी काय पाहावे?

आपल्याकडेही शहराच्या हवेचा एकच आकडा सांगितला जातो. दिवसभर सिग्नलवर उभा असणारा वाहतूक पोलीस आणि वातानुकूलित कार्यालयातील कर्मचारी यांच्या वाट्याला तो सारखाच येतो. त्यामुळे ‘अमुक जिल्ह्यात प्रदूषण जास्त, पण आजार कमी’ असे कुणी सांगितले, की आधी विचारावे : मोजमाप माणसांचे झाले की जिल्ह्याचे? तिथल्या लोकांचे वय, व्यसने, उत्पन्न पाहिले का? आजाराचे निदान तरी नीट होते का? सरासरीवरून संशय घ्यावा, तपास सुरू करावा. एखाद्या कारखान्याला किंवा यंत्रणेला निर्दोष ठरवण्यासाठी मात्र ती पुरेशी नाही.