दोष सांध्यात असतो

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ‘एमजीबी’ ही स्पोर्ट्स कार आजही अनेक शौकिनांनी जिवापाड जपली आहे. अशा जुन्या गाडीचे दिवे चालता चालता मंदावतात आणि क्षणात पुन्हा प्रखर होतात. कारागिरापुढे मात्र सर्व सुरळीत! मग बॅटरी, अल्टरनेटर, दिवे एकामागून एक बदलले जातात. पैसा जातो, दोष तसाच राहतो.

वस्तुतः दोष बहुधा तारांच्या जोडांत, विशेषतः गाडीच्या पत्र्याशी जोडलेल्या अर्थिंगमध्ये असतो. तेथे गंज चढतो. दिवा बंद असताना मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण प्रवाहच वाहत नसतो. ६० वॅटचा दिवा लावताच अवघ्या अर्ध्या ओहमचा गंजका जोड सुमारे २ व्होल्ट गिळतो. म्हणून तपासणी दिवा लावूनच करावी. मीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थिंगला व दुसरे बॅटरीच्या अर्थिंगकडील टोकाला लावून एकेक जोड हलवावा. ज्या जोडाशी काटा उसळेल, तेथेच दोष. तो घासून, घट्ट आवळावा. फ्यूज वारंवार जळतो म्हणून अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे म्हणजे आगीला आमंत्रण.

रोजमेळात फरक आला तर जाणता मुनीम वही बदलत नाही, नोंदी ताडून पाहतो. भागीदारीचेही तसेच आहे: सुकाळात सर्वच जोड पक्के भासतात, कच्चा कोणता, हे भार पडल्यावरच कळते. निदानाआधी केलेला उपाय हा केवळ खर्च होय.