कृती कोणाची?

आमच्याकडे विजयादशमीस मुलाकडून विद्यारंभ करवितात. तबकात तांदूळ पसरावयाचे आणि मुलाचे बोट धरून पहिले अक्षर काढवावयाचे. तांदूळ बोटाला लागतो, अक्षर मोडते, तबक सारखे करून ते पुन्हा काढता येते. लहान मुलाने कसे शिकावे ह्याचे बरेचसे शास्त्र त्या तबकात आहे. परंतु पुढे त्याच मुलाच्या हाती पेन्सिल देऊन आम्ही त्याला चौकटीत अक्षरे गिरवावयास बसवितो; आणि वर ह्या शाळेत 'ॲक्टिव्हिटी' असते म्हणून मोठे शुल्क भरून येतो!

ही 'ॲक्टिव्हिटी' काय असते ते गेल्या वर्षी मी माझ्याच घरी पाहिले. धाकटी मुलगी पहिलीत. शाळेतून चिठ्ठी आली : खेडेगावाचा देखावा करून आणावा. रात्री अकरापर्यंत मी थर्मोकोल कापला, तिच्या आईने रंग दिला. मुलगी केव्हाच निजली होती. देखाव्याला बक्षीस मिळाले. घरी येऊन ती म्हणाली, "पप्पा, तें हांवें केल्लें न्हंय." वकिलीत खोटे पुरावे पुष्कळ पाहिले, हा मात्र मी स्वतः तयार केलेला होता, आणि खरी साक्ष सहा वर्षांच्या मुलीने दिली.

कायदा ह्या बाबतीत मुका नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ सांगते की, मुलाचे शिक्षण कृती व शोध ह्यांच्या द्वारे, भयमुक्त रीतीने आणि शक्य तोवर मातृभाषेतून व्हावे. ह्या कृतीचा कर्ता मूल आहे, पालक नव्हे.

हे तत्त्व नवे नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभिले व १९५७ पासून कोसबाडला वाढविले. माँटेसरीबाईंची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर कोठून यावयाची? त्यांनी शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. आणि मूल शाळेत येईना तेव्हा शाळा त्याच्या अंगणात नेली.

आपल्या कर्नाटकातही १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, ऋषिव्हॅलीच्या ग्रामीण शाळांचा धडा घेऊन, सरकारी शिक्षकांनी 'नली-कली' सुरू केली, आणि २००९-१० मध्ये ती राज्यभरच्या कन्नड सरकारी शाळांत पसरली. असा एक वर्ग मी पाहिला आहे. मुले गटागटाने जमिनीवर बसलेली, शिक्षिकाही त्यांच्यातच. भिंतीला मुलांच्या उंचीचे फळे. डोक्यावर दोऱ्यांना टांगलेली मुलांचीच चित्रे. प्रत्येक मूल आपले कार्ड स्वतः शोधून पुढची पायरी चढते. चार दिवस तापाने निजलेले मूल परत आले की जेथे थांबले होते तेथूनच आरंभ करते. कार्डे फाटलेली होती, शिक्षिकेवर कागदपत्रांचे ओझे होते, हेही खरे. परंतु तेथील प्रत्येक काम मुलाच्या हातचे होते. त्या शाळेकडे आपण नाक मुरडून पाहतो, कारण तेथे शुल्क नाही आणि गळ्यात टाय नाही.

'मग इंग्रजी नको काय?' असे कोणी विचारील. अवश्य हवी. पण गणपतीसाठी एकवीस दूर्वांची जुडी ज्याने स्वतः बांधली, त्याला एकवीस म्हणजे काय ते कळले; तो आकडा मग त्याने कोंकणीत म्हणावा, कन्नडात म्हणावा की इंग्रजीत. ज्याने तो केवळ घोकला, त्याला तो कोणत्याच भाषेत कळलेला नसतो.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले की, प्राथमिक शाळेत मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती शासनाला करता येत नाही, निवड पालकांची. तेव्हा शासनाकडे बोट दाखविण्याची सोय आता उरली नाही. हक्क आपला, तसा दोषही आपला.

वाचकहो, शाळेची इमारत पाहण्यापूर्वी एवढेच विचारा : येथे माझे मूल आज स्वतःच्या हातांनी काय करील? आणि घरी देखाव्याची चिठ्ठी आली तर कात्री मुलाच्या हाती द्या. झोपडी वाकडी होईल, बक्षीस दुसऱ्याला जाईल. जाऊ द्यावे. मी यंदा तसेच केले; आमच्या घरची वाकडी झोपडी अद्याप कपाटावर आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती कोणी केली हे मुलगी न विचारता सांगते.