रक्कम बरोबर, तारीख चुकीची

आपल्या जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी सल्लेखनेच्या 26व्या दिवशी, 8 सप्टेंबर 1955 रोजी, मराठीतून अखेरचा उपदेश केला. सुमारे 22 मिनिटांचा तो उपदेश सुदैवाने ध्वनिमुद्रित झाला. दहाच दिवसांनी, 18 सप्टेंबरला, महाराजांची समाधी झाली. असा आवाज पुन्हा मिळत नाही. कित्येक घरांत व मंदिरांत प्रवचनांच्या जुन्या कॅसेटी कपाटात पडून आहेत. त्या आता संगणकावर उतरविल्या जात आहेत, म्हणून हा विषय घेतला.

सीडीच्या पद्धतीत आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजून आकड्यांत मांडतात. 22 मिनिटांच्या अशा नोंदी 5 कोटी 82 लाखांवर जातात. मोजणीचा ठेका स्फटिकाचे घड्याळ देते. तो ठेका किंचित पुढेमागे होणे म्हणजे ‘जिटर’. व्यापारी वाचकांना हे चटकन उमगेल. खात्यात रक्कम बरोबर पडली, पण तारीख चुकली, तर व्याज चुकते. येथेही आकडा खरा असतो, पण तो भलत्याच क्षणाच्या नावे मांडला जातो आणि ऐकताना तरंगाचा आकार बिघडतो. व्याजदर चढा असेल तर एका दिवसाची चूकही महाग पडते. त्याचप्रमाणे तार स्वरात ही चूक अधिक जाचते. ती अनियमित असेल तर आवाजात बारीक खरखर मिसळते. नियमित असेल तर मूळ स्वराशेजारी नको असलेले क्षीण स्वर उमटतात.

आपल्या शास्त्रांनी काळाच्या अविभाज्य अंशाला ‘समय’ म्हटले आहे. यंत्र तेथवर पोहोचत नाही. तरीही 16 बिटांची अचूकता 20,000 हर्ट्झपर्यंत राखायची, तर चूक सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आठव्या हिश्शापलीकडे जाऊन चालत नाही. बऱ्या प्रतीच्या आजच्या यंत्रांत जिटर कानाला सहसा कळतही नाही. त्याच्या नावाखाली महागड्या तारा विकणाऱ्यांना मी तरी पैसे देणार नाही.

खर्च करायचा तो पहिल्या नोंदीवर. ऐकतेवेळी घड्याळ चुकले तरी मूळ आकडे शाबूत असतात; चांगल्या यंत्रावर ते पुन्हा नीट ऐकता येतात. उतरवून घेताना चुकले, तर खरी तारीख कोठेच लिहिलेली नसते, मग दुरुस्ती कशाच्या आधारे करणार? दोन डिजिटल यंत्रे जोडली असतील तर दोहोंना एकच घड्याळ असावे. नाहीतर नोंदी गळतात किंवा दुबार पडतात आणि मध्येच ‘टक्’ असा आवाज येतो.

त्याहून मोठी चूक फितीच्या वेगाची. फीत शेकडा 5 ने जलद फिरली, तर 22 मिनिटांचे बोलणे 21 मिनिटांत संपते आणि आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. वृद्ध मुनींचा आवाज मग त्यांचा वाटत नाही. म्हणून आधी वेग तपासून घ्यावा, प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवावी आणि काम झाल्यावर मूळ कॅसेट भंगारात देऊ नये.