वाजंत्र्यांची बिदागी आणि आमच्या चोपड्या

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूर शहर झोपत नाही. कापडगिरण्यांच्या कामगारांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी ज्या झाँक्या काढावयास प्रारंभ केला, त्यांची मिरवणूक अजून पहाटेपर्यंत चालते. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली, शहरातील जुन्या गिरण्यांचे भोंगे थांबले, पण झाँक्या थांबल्या नाहीत आणि झाँक्यांपुढचे वाद्यही थांबले नाही. गर्दी पांगल्यावर त्या बँडच्या मास्तराच्या हाती एक पाकीट पडते. त्या पाकिटाविषयी आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत. आमच्या वाचकांत देवस्थानांचे विश्वस्त, उत्सवसमित्यांचे चिटणीस व खजिनदार पुष्कळ आहेत. त्यांस हे शब्द कडू लागले तर आमचा इलाज नाही.

“वाजंत्र्याला कसला आला आहे कर?” हे वाक्य आमच्या सभांतून हसत हसत उच्चारले जाते. त्याच सभेत दुसरे कोणी, हिशेबतपासनिसाच्या धाकाने, म्हणते, “नसती भानगड नको, दहा टक्के कापून टाका.” ही दोन वाक्ये परस्परविरोधी वाटतात, परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. समोरचा माणूस धंदा करून पोट भरणारा गृहस्थ आहे, हे आम्ही मनातून मान्यच केलेले नाही. गवयाला आम्ही बिदागी देतो, पुरोहिताला दक्षिणा देतो, आणि बँडवाल्याला ‘पैसे टाकतो’. ज्याला पैसे टाकले त्याच्याकडून पावती कशाला घ्यावयाची, अशी ही विचारसरणी आहे.

पावती नसण्याचा भुर्दंड कोणाला पडतो, हे पाहू. वीस-बावीस वादकांच्या बँडची सुपारी समजा साठ हजार रुपयांची ठरली. ती सारी रक्कम मालकाच्या नावे पडते. तीतून वादकांची मजुरी जाते, दिव्यांची गाडी ओढणाऱ्या पोरांचे पैसे जातात, गणवेशाची धुलाई, टेंपोचे भाडे, फाटलेल्या ढोलाचे कातडे, हे सर्व जाते. परंतु सरकारदरबारी नोंद होते ती साठ हजारांची. मालकाने वादकांच्या सह्या घेतल्या नाहीत, कारण त्याला स्वतःलाच कोणी कधी सहीचा कागद दिला नाही. मग उद्या कोणी विचारले की हे साठ हजार तुमचे उत्पन्न का, तर त्याने काय दाखवावे?

कायदा याबाबतीत आम्हांस वाटतो तितका निर्दय नाही. लहान धंदेवाल्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची एक सोय १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात करण्यात आली होती. संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यातही ती सोय ठेवलेली आहे. वर्षाची उलाढाल दोन कोटींच्या आत असेल तर तिच्या आठ टक्के, आणि जी रक्कम बँकेमार्फत आली असेल तिच्या सहा टक्के, एवढे उत्पन्न धरून चालता येते. सविस्तर वह्या ठेवण्याची सक्ती नाही. खरे उत्पन्न त्याहून अधिक असेल तर अधिक दाखवावे, हेही ओघानेच आले. या मार्गाच्या विवरणपत्राला सरकारने ‘सुगम’ असे नाव ठेवले. सरकारी नामकरणात इतका आशावाद क्वचितच आढळतो. पण या ठिकाणी तो अगदीच अस्थानी नव्हता.

आता आमच्या ‘दहा टक्के कापून टाका’ या धोरणाकडे वळू. कंत्राटी कामाचे पैसे देताना विश्वस्त संस्थेने मुळातच कर कापावा, असा नियम आहे. एका वेळची रक्कम तीस हजारांच्या वर गेली, किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली, तर एकट्या मालकाच्या नावावरील धंद्याला ही कपात एक टक्का आहे. दहा टक्क्यांची कपात आहे ती वकील, वैद्य, स्थापत्यविशारद, चित्रपट-कलावंत अशा, कायद्याने नावे घेऊन सांगितलेल्या व्यवसायांसाठी. मिरवणुकीत वाजविणारा बँड त्या यादीत आम्हांस कोठे आढळला नाही. तरीही ‘कलावंत’ म्हटले की दहा टक्के, असा ठोकताळा आमच्या खजिनदारांनी बसविला आहे. ज्या माणसाला मानपानाच्या वेळी कलावंत म्हणावयास आमची जीभ रेटत नाही, त्याला कपातीच्या वेळी मात्र आम्ही मोठ्या उदारपणे कलावंत ठरवितो!

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. एखाद्या बँडला वर्षभरात अशा संस्थांकडून आठ लाख रुपये धनादेशाने मिळाले असे धरू. अनुमानित पद्धतीने त्यावरील उत्पन्न होते अठ्ठेचाळीस हजार. एक टक्क्याने कापले तर आठ हजार जातात. दहा टक्क्यांनी कापले तर ऐंशी हजार. म्हणजे कायदा ज्याला उत्पन्न मानावयास तयार आहे, त्याहूनही अधिक रक्कम आम्ही कर म्हणून कापून ठेवतो. मालकाने प्रामाणिकपणे दोन-तीन लाखांचे उत्पन्न दाखविले तरी त्याला देय कर शून्यच येतो, कारण २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर व्यक्तीला कर पडू नये अशी सवलत दिलेली आहे. आणि त्याच्यापाशी पॅन नसेल, तर कपात होते वीस टक्के.

“परतावा मिळतो की!” असे आम्हांस सांगण्यात येईल. मिळतो, विवरणपत्र भरणाऱ्याला मिळतो. पण केव्हा? भाद्रपदात कापलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्याखेरीज, म्हणजे पुढचा एप्रिल उजाडल्याखेरीज, मागताच येत नाही. आमच्या वाचकांस पंचांग सांगण्याची गरज नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात. बँडवाल्याची लग्नसराईतील कमाई आटलेली असते. त्या चार महिन्यांत गणेशोत्सव आणि नवरात्र एवढाच त्याला आधार. नेमक्या त्याच दिवसांत देवाच्या नावाने चालणाऱ्या संस्था त्याचे पैसे अडकवून ठेवतात. लग्नाचा यजमान घरच्या कार्यासाठी बँड बोलावतो, म्हणून त्याच्यावर कपातीचे बंधन नाही. तो पूर्ण पैसे देतो, वर वरातीत नोटाही ओवाळतो. (त्या ओवाळलेल्या नोटाही उत्पन्नच होत, हे मास्तरांनीही विसरू नये.) सोयऱ्याने उघड्या मुठीने द्यावे आणि देवळाने मूठ आवळावी, ही गोष्ट शोभते काय?

याहून वाईट प्रकार आमच्या कानी आलेला आहे, आणि त्यातील संस्थेचे नाव आम्ही घेत नाही. कपात केली, पण सरकारात भरली नाही. किंवा भरली, पण तिमाही पत्रक न दिल्यामुळे ती मास्तराच्या नावे चढलीच नाही. त्याला प्रमाणपत्रही मिळाले नाही. अशा कपातीला कर म्हणत नाहीत. तिला जो शब्द आहे तो देवळाच्या आवारात उच्चारण्यासारखा नाही.

वस्तू व सेवा कराचे आणखी एक नवल आहे. २०१७ साली तो कर आला तेव्हा लोककला व शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताला, एका कार्यक्रमाची बिदागी दीड लाखाच्या आत असेल तर, सूट ठेवण्यात आली. आमच्या चौघड्यावरचा सनईवाला या सुटीत बसतो. गोमंतकातील घुमट, शामेळ, कांसाळे वाजविणारेही बसतात. पितळी बँडचे काय? क्लॅरिनेट आणि युफोनियम पलटणींच्या मागे आले हे खरे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या आमच्या पालख्यांपुढे वाजून ते जर लोकवाद्य झाले नसेल, तर लोक या शब्दाचा अर्थ तरी काय? वीस लाखांच्या आतील उलाढालीला नोंदणी लागत नाही, म्हणून लहान बँड या प्रश्नातून सुटतात एवढेच.

मास्तरमंडळींचाही दोष आहे, तो झाकून आम्ही पक्षपात करणार नाही. “पावती नको, रोख द्या” हे त्यांच्यापैकी कित्येकांचे पहिले वाक्य असते. त्या वाक्याची किंमत पुढे कळते. नवी वाद्ये किंवा दिव्यांची नवी गाडी घ्यावयाची म्हणून बँकेत गेले की मागील वर्षांची विवरणपत्रे मागतात, ती नसतात, मग सावकाराचे दार धरावे लागते. ज्याचे उत्पन्न कोठेच लिहिलेले नाही, त्याला कर्ज कोण देणार?

आणि हे सारे इंदुरात घडावे याचा आम्हांस अधिक खेद वाटतो. होळकरांच्या घरात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी, ही व्यवस्था १७३४ सालापासून चालत आलेली होती. अहिल्यादेवींचे घाट, मंदिरे, अन्नछत्रे खासगीतून झाली म्हणून आम्ही भाषणांतून सांगतो. त्या धर्मकार्याचे मोल केवळ भक्तीत नव्हते. कोणाचा पैसा कोठून आला आणि कोणाला गेला, याचा कागद त्यामागे होता. त्या बाईंच्या नावाचा जयघोष करणाऱ्यांनी बँडवाल्याला बिनपावतीचे पाकीट द्यावे?

संस्थांचा स्वार्थही यातच आहे, कारण २०१८ च्या दुरुस्तीपासून जेथे कपात करावयास हवी तेथे ती न केल्यास त्या खर्चाचा तीस टक्के भाग धर्मकार्यासाठी केलेला खर्च म्हणून धरला जात नाही. पण तो हिशेब आमचे खजिनदार आम्हांहून चांगला जाणतात. आमचे मागणे साधे आहे. सुपारी ठरवितानाच एका कागदावर रक्कम, तारीख आणि वादकांची संख्या लिहावी. मास्तराचा पॅन त्याच वेळी घ्यावा, नसेल तर काढावयास आपल्यातल्याच एखाद्या तरुणाने मदत करावी. पैसे बँकेतून द्यावेत. कपात लागू असेल तर एक टक्का कापावी, मुदतीत भरावी, आणि तिचे प्रमाणपत्र मास्तराच्या घरी पोहोचते करावे. येत्या गणेशोत्सवाच्या पहिल्या बैठकीत, मांडवाच्या कापडाची चर्चा सुरू होण्यापूर्वी, हा विषय पटलावर घ्यावा.