पाण्यावरचा एक दिवस शेतकऱ्याचाही



शेतकऱ्याच्या वर्षात सुट्टीचा वार नाही. वारी, गावची जत्रा, लेकीचे लग्न एवढ्यापुरते औत थांबते. होडी घेऊन पाण्यावर नुसते फिरायला जाणे ही शहरवाल्यांची चैन, असे आपणच मानून बसलो आहोत. आमचे म्हणणे उलट आहे. ज्वारीची मळणी उरकली, पऱ्हाट्या उपटून झाल्या की कोरडवाहू शेतकऱ्याने घरच्या पोरापोरींना घेऊन एक दिवस धरणाच्या पाण्यावर जावे.

आम्ही काही कार्यकर्ते मुळशीला गेलो. पुण्याहून ताम्हिणी घाटाच्या रस्त्याला सह्याद्रीत हा जलाशय पसरला आहे. डोंगरांच्या आडोशामुळे त्याच्या खाचाखोचांत सकाळचे पाणी निवांत असते. तिथे कयाक मिळते. कयाक म्हणजे एकट्या-दुकट्याने बसायची अरुंद, हलकी होडी. वल्हे एकच, दोन्ही टोकांना पाते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचे. घाई केली की होडी गोल फिरते. ज्याने तिफण सरळ चालवली आहे, त्याचा हात लवकर बसतो. पोहता येत असले तरी अंगावर जीवरक्षक जाकीट हवेच. काठ धरून राहावे, धरणाच्या भिंतीकडे फिरकू नये आणि वारा सुटला की परतावे. मग झाडाखाली भाकरी-ठेचा सोडून दुपारभर लोळावे. कुणाला हिशेब द्यायचा नाही.

हिशेबाचेच म्हणाल तर तो असा आहे. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा असते आणि तिचा खर्च मालाच्या किमतीत धरलेला असतो. ती असावीच. कापूस-ज्वारीचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतात, पण केलेल्या कामाच्या दिवसांची. रजेचा एकही दिवस त्यात नाही. म्हणजे शेतकऱ्याला विसावा लागतो, हेच सरकारदरबारी मंजूर नाही. आपणही विसाव्याला चैन म्हणू लागलो, तर तो हक्क मागणार कोण?

शिवाय शेतकऱ्याचा डोळा निळ्या पाण्यावरच थांबत नाही. होडीखाली मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरे आहेत. ती वाचवण्यासाठी 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. जमिनी बुडाल्या, धरण झाले. मुळा नदी खरे तर पूर्वेची. पुण्यात ती मुठेला मिळते, पुढे भीमेला, आणि भीमा सोलापूरच्या ज्वारीच्या मुलखात जाते. पण मुळशीत अडवलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून घाटाखाली भिऱ्याला सोडतात. तिथे 1927 पासून मुंबईसाठी वीज तयार होते. वीज करून सुटलेले पाणी कुंडलिकेत जाते आणि कोलाडला त्याच पाण्यावर राफ्टिंग चालते. वर कयाक, खाली राफ्टिंग, मध्ये वीज. आणि भीमाकाठच्या मुलखातला कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे बघतो! ताम्हिणीला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापूरकडे सहाशेच्या आतबाहेर. हे पाणी भीमेच्या खोऱ्याला द्या, ही मागणी जुनी आहे. ती मागणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे पाणी डोळ्यांनी पाहिले आहे?

होडीत बसणाऱ्या शहरी माणसाशी आमचे भांडण नाही. त्याने खुशाल फिरावे. होडीचे भाडे मात्र ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्या गावांच्या पोरांच्या हाती पडले पाहिजे. आपणही होडी भाड्याने घ्यायची ती त्यांच्याकडूनच.

मुळशी लांब पडत असेल तर आपल्या जिल्ह्यातले, होडीला परवानगी असलेले धरण निवडा. ते कुणाची जमीन बुडवून झाले आणि त्याचे पाणी कुठे जाते, हे जाण्याआधी विचारून ठेवा. पुढच्या तालुका बैठकीत तारीख ठरवा, आणि त्या दिवशी बायामाणसांनाही चुलीपासून सुट्टी द्या.