चुलीचे तीन दगड

सांधे सुजतात, तेव्हा 'टीएनएफ' हे प्रथिन शरीरात निरोप पोचवत असते. १९८९ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची घडण उलगडली. एकसारख्या तीन साखळ्या एकमेकींना बिलगलेल्या. खाली रुंद, वर निमुळत्या. आम्हांला चुलीचे दगडच आठवले! दर दोन साखळ्यांमध्ये एक खोबण. तिच्यात पेशीचा ग्राही, म्हणजे निरोप घेणारा हात, अडकतो. एकट्या साखळीचे काम नाही.

संधिवातावरची काही महाग इंजेक्शने या खोबणीच अडवतात. दुखणे उतरते. पण हाच निरोप क्षयाचे सुप्त जंतू कोंडून ठेवायलाही लागतो. तो थांबला, तर जुना क्षय उफाळू शकतो. वाचकहो, घरात कोणाला असे इंजेक्शन सांगितले असेल, तर आधी क्षयाची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा.